रामटेके सर आणि डोक्यातली दाटी

रामटेके सरांसमोर कुणाला गाढव म्हणायची सोय नाही. बैल, म्हैस, कोंबडी, काहीच चालत नाही. 'उल्लू' तर नाहीच नाही. तुम्हाला माणसाचा राग आला असेल तर माणसाच्या भाषेत बोला, जनावराला मधात आणू नका, असा त्यांचा कायदा आहे आणि तो त्यांनी आमच्या अख्ख्या पाऱ्याला लावला आहे. पारा म्हणजे इथला मोहल्ला. आमच्या पाऱ्यात नवराबायको भांडताना "तुम्ही ना, अगदी..." इथपर्यंत येतात आणि सरांच्या खिडकीकडे बघून थांबतात.

मला हा कायदा पहिल्याच दिवशी कळला. बारा वर्षांपूर्वी सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सिलतऱ्याच्या एका लोखंड कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नागपूर सोडून रायपूरला आलो. सामान उतरवताना सुधीर फ्रिज दारातून रेटत होता. मी ओरडले, "अहो, बैलासारखं काय ढकलता! चौकट निघेल!"

शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. बनियन, चष्मा, हातात कोथिंबिरीची जुडी.

"वहिनी, बैल असं नाही ढकलत जी," ते डोकं म्हणालं. "बैल आधी अंदाज घेते, मंग जोर लावते. हे तुमच्या मिस्टरांनी स्वतःच्या अकलेनं केलं. बैलाले काहून मधात आणता?"

एवढं बोलून डोकं खाली गेलं. सुधीर फ्रिजखाली अडकलेला पाय सोडवत म्हणाला, "यांनी माझी बाजू घेतली की बैलाची?" ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

सर सरकारी शाळेत प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत होते म्हणून हे कुटुंब इकडे आलं आणि इथलंच झालं. अंगाने काटकुळे, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक घडीचं भिंग. कापडवाले धागे मोजायला वापरतात ना, तसलं. त्यांच्या आयुष्यात एकच सिद्धांत आहे आणि तो एका वाक्यात मावतो: "आकारावर काहून जाता? दाटी पाहा, दाटी!"

ही दाटी म्हणजे मेंदूतल्या पेशींची. मेंदू मोठा म्हणजे अक्कल मोठी, हे सरांच्या मते साफ खोटं. आत पेशी किती आणि त्या किती गच्च बसल्या आहेत ते बघायचं. गाईचा मेंदू आणि चिंपांझीचा मेंदू तराजूत टाकला तर उन्नीस-बीस. पण पेशी मोजल्या तर गाय कुठल्या कुठे मागे राहते. "गाय म्हणजे साहेबाचा सरकारी बंगला. खोल्या मोठ्या, राहणारे दोघं." कावळा मात्र सरांचा लाडका. "कावळा म्हणजे अभनपूरले जाणारी शेवटची जीप. बाहेरून पाहाल तर एवढुशी. अन् आत मोजाल तर चौदा जण, टपावर वेगळे."

हत्तीचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. हत्तीचा मेंदू आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. त्यावर सर खूश होतात, कारण उत्तर तयार असतं. "हत्तीचा मेंदू म्हणजे समाजभवन. माणसं भरपूर आलेली, पण सगळी मागच्या मांडवात, जेवणाच्या पंगतीत. समोर भाषण ऐकायले कमीच." म्हणजे हत्तीच्या बहुतेक पेशी मागच्या लहान मेंदूत असतात, शरीर सांभाळायला. पुढच्या, विचार करायच्या भागात आपल्यापेक्षा कमी.

आणि माणूस? माणूस काही वेगळा नाही, असं ते म्हणतात. उंदरांच्या घराण्याने उत्क्रांतीत घर वाढवलं तशा खोल्याही मोठ्या करत नेल्या. माकडांच्या घराण्याने घर वाढवलं, पण खोल्या लहानच ठेवल्या, म्हणून बिऱ्हाडं जास्त मावली. "माणूस म्हणजे माकडाचीच मोठी चाळ, वहिनी. उगा माज नाही करायचा."

एकदा मी पडद्यांचं कापड घ्यायला पंडरीच्या बाजारात निघाले होते. सर म्हणाले, मी पण येतो. मला वाटलं, वजन उचलायला मदत होईल. दुकानदाराने ठाण उलगडलं. पन्हा एवढा रुंद की दोन माणसांना धरावा लागला. मी खूश. सरांनी खिशातून भिंग काढलं, कापडावर ठेवलं आणि डोळा लावून बसले. 

"भैया, पन्हा तो बड़ा है," सर मान वर न करता म्हणाले, "मगर धागा?"

दुसरं ठाण आलं. भिंग. तिसरं आलं. भिंग. सातव्या ठाणाला दुकानदाराने हात जोडले. "अंकल, परदा लेना है कि परीक्षा लेना है?"

"परीक्षा तो हो गई," सर म्हणाले, "फेल हो आप." आणि मग गादीवर मांडी घालून त्या माणसाला त्यांनी कापडावरून मेंदू समजावून सांगितला. पन्हा म्हणजे आकार, धागे म्हणजे पेशी. दुकानदाराने चहा मागवला. निघताना तो मला हळूच म्हणाला, "दीदी, अगली बार अकेले आना."

पण पाऱ्यात गाजली ती साहूंच्या नातीची छट्ठी, म्हणजे इकडचं बारसं. साहू भैया आमच्या समोर राहतात, ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, मोठ्या मनाचा माणूस. पंगत बसली होती. कुणीतरी सहज विचारलं की सर, या पेशी मोजतात तरी कशा? एवढ्याशा मेंदूत करोडोंनी असतात म्हणता, मग एकेक करून मोजत बसतात का?

सरांनी वरणाची वाटी उचलली. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

"एकेक कायले मोजते? मेंदू पार विरघळवायचा. असा, वरणासारखा. मंग चांगला ढवळायचा, म्हणजे सगळीकडे सारखं झालं पाहिजे." त्यांनी बोटाने वरण ढवळलं. "मंग यातला एक थेंब घ्यायचा. भिंगाखाली ठेवायचा, त्याच्यातले ठिपके मोजायचे अन् गुणाकार करायचा. झालं!" आणि वाटी तोंडाला लावून ते वरण पिऊन टाकलं.

पंगतीतल्या वीस-पंचवीस वाट्या एकदम खाली ठेवल्या गेल्या. आचारी धावत आला. "दाल में कुछ गिर गया का?" साहू भैया म्हणाले, "हव, ज्ञान गिर गया." तेव्हापासून साहूंच्या घरच्या कार्याला सरांना पंगतीच्या टोकाला बसवतात आणि वरण शेवटी वाढतात.

लोक त्यांना टाळायचे, हे खोटं कशाला बोलू? मीही टाळायचे. सर फाटकात दिसले की मला गॅसवरचं दूध आठवायचं. सुधीर तर हेल्मेट घालूनच घराबाहेर पडायचा, ऐकू येत नाही म्हणायला बरं. सरांचं वाक्य मध्येच तोडायला आम्ही सगळे इतके तयार झालो होतो की त्यांचा एखादा मुद्दा शेवटपर्यंत पाऱ्यात कुणीच ऐकला नसेल.

अपवाद फक्त माझी मुलगी. मिनूला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. शाळेतून आली की ती भिंतीवर चढून सरांना प्रश्न विचारायची. पाचवीत असताना वर्गात तिचं गणित चुकलं आणि मॅडम वैतागून म्हणाल्या, "चिड़िया जितना दिमाग है तुम्हारा!" मिनू उभी राहिली आणि मनापासून म्हणाली, "थैंक यू, मैम." मला शाळेत बोलावणं आलं. मॅडमना वाटत होतं की मुलीने उलट उत्तर दिलं. मी अर्धा तास समजावत होते की ही खरंच आभार मानत होती.

सरांच्या घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची मोठी बहीण, सुमनताई. सरांचं लग्न झालेलं नाही. ताई त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, सत्तरीच्या आसपास. त्यांचं डोकं जन्मापासून लहान आहे. कपाळ भुवयांच्या वर लगेच मागे जातं, त्यामुळे चेहरा मोठा आणि वरचा भाग एकदम थोडा दिसतो. बोलणं फारसं नाही. भात, पाणी, नाही, असे मोजके शब्द. चालतात हळू, हसतात चटकन. स्कूटर सुरू झाली की त्यांना फार हसू येतं. सुधीर सकाळी दोनदा किक मारतो, एक स्कूटरसाठी आणि एक ताईंसाठी.

ताईंचं सगळं सर करतात. रोज सकाळी व्हरांड्यात बसवून त्यांचे पांढरे केस विंचरतात, दोन वेण्या घालतात, लाल रिबिनी बांधतात. स्वयंपाकही तेच करतात आणि त्याचाही त्यांना अभिमान. "चूल नसती पेटली तर आपण माकडच राहिलो असतो जी. पेशी लई खादाड असते. कच्चं खाऊन एवढ्या पेशी पोसल्याच नसत्या." भाजीला फोडणी देताना ते उत्क्रांतीला हातभार लावत असल्यासारखे दिसतात.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवार होता, गच्चीवर ऊन छान होतं. मी वटाण्याच्या शेंगा घेऊन बसले होते आणि सर ताईंना घेऊन वर आले होते. ताई शेंग दाबायच्या, ती फट्‌ झाली की हसायच्या, दाणे माझ्या टोपलीत टाकायच्या आणि टरफलं स्वतःच्या पदरात जपून ठेवायच्या. सर मिनूला पोपटाबद्दल सांगत होते. अक्रोडाएवढा मेंदू, पण दाटी अशी की माकडं लाजतील.

मिनू ऐकत होती. मग तिने ताईंकडे पाहिलं आणि अगदी आनंदाने विचारलं, "सर, मतलब सुमन बुआ का दिमाग भी छोटा है, पर घना है ना? तोते जैसा?"

मी "मिनू!" म्हणून ओरडले.

"ओरडू नका वहिनी," सर म्हणाले. "प्रश्न बरोबर आहे."

त्यांच्या हातात एक शेंग होती. ती त्यांनी उघडली, दाणे मोजल्यासारखे बघितले, पुन्हा मिटली. सरांना उत्तर शोधताना मी पहिल्यांदा पाहत होते.

"नाही बेटा," ते म्हणाले. "घना नहीं है."

"पर आप तो बोलते हैं कि साइज़ से कुछ नहीं होता..."

"मी बोलतो ते जाती-जातीचं. कावळा अन् गाय, उंदीर अन् माकड. माणसा-माणसात पण चार बोटं इकडे-तिकडे झाली तर काही बिघडत नाही. पण ताईच्या पेशी आईच्या पोटातच कमी बनल्या. जागा पण कमी, पेशी पण कमी. दाटी नाही."

मिनूचे डोळे भरले. सरांनी शेंग टोपलीत ठेवली, ताईंचा हात धरला आणि जिना उतरून गेले. पदरातली टरफलं पायरी-पायरीवर सांडत गेली.

हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? हाच विचार मी करत होते. अकरा वर्षांच्या पोट्टीला काय कळणार होतं? पण ज्या माणसाने आयुष्यात बैलाबद्दल कधी खोटं बोलू दिलं नाही, तो बहिणीबद्दल तरी कसं बोलणार?

चार दिवस सर दिसले नाहीत. सकाळी व्हरांड्यात वेण्या नाहीत, भिंतीवर डोकं नाही. पाऱ्यात लोक एकमेकांना खुशाल गाढव म्हणू लागले. पाचव्या दिवशी सुधीर मुद्दाम त्यांच्या खिडकीखाली उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मी एक नंबरचा गाढव आहे!" आतून काही नाही. सुधीर परत आला तेव्हा खरंच गाढव म्हटल्यासारखा चेहरा करून आला. "जा तू," मला म्हणाला. "काहीतरी घेऊन जा."

मी कढीचं पातेलं घेऊन गेले. मिनूला सोबत नेलं, माफी मागायला. सर खुर्चीत बसले होते, ताई खाली सतरंजीवर. मिनू 'सॉरी' म्हणणार तोच सर म्हणाले, "सॉरी नाही म्हणायचं. खरं विचारलं तू. जा, बुआजवळ बस." आणि मग मला म्हणाले, "बसा वहिनी. दूध तर नाही ना ठेवलं गॅसवर?"

मी मान खाली घातली. पण बसले.

"मी नऊ वर्षांचा होतो," ते सांगू लागले. "ताई बारा. बाबा आम्हाले नागपूरले एका मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. पास होता रेल्वेचा. बाबांनी नवा सदरा घातला होता. डॉक्टरनं शिंप्याची असते तशी टेप काढली, ताईच्या डोक्याभोवती गुंडाळली, आकडा पाहिला अन् बाबांले म्हणाला, 'यात काही मावणारच नाही.' बस. दोन मिनिटं. ताई हसून राहिली होती जी. तिले टेपच्या गुदगुल्या होत होत्या."

ताईंनी आपलं नाव ऐकून वर पाहिलं.

"येताना गाडीत बाबा एक शब्द बोलले नाही. मी तवाच ठरवलं, हा डॉक्टर चुकला हे शोधून काढायचं."

"म्हणून प्राणिशास्त्र घेतलंत?"

"मंग कायले घेतलं? मले बेडूक आवडत नाही." ते जरासे हसले. "अन् मंग इतक्या वर्षांनी कावळ्याचं अन् पोपटाचं वाचलं. एवढासा मेंदू अन् एवढी दाटी! वहिनी, मी सायकल काढली अन् पंडरीपर्यंत जाऊन परत आलो. काहीच काम नव्हतं. वाटलं, सापडलं. ताईचं पण असंच काही निघंल. मंग घरी येऊन पुढचं वाचलं."

कढीवरचं झाकण त्यांनी उगीचच सरळ केलं.

"विज्ञान कावळ्याच्या बाजूनं निघालं. पोपटाच्या बाजूनं निघालं. ताईच्या बाजूनं नाही निघालं."

मी विचारलं, "मग सर, तुम्ही सगळ्यांना हे सांगत का फिरता?"

"डॉक्टर अर्धा चुकलाच होता ना जी! पेशी कमी आहे, हे खरं. पण ते त्यानं टेपनं ठरवलं, ते चूक. अन् कमी आहे त्याच्यात किती मावते, हे तर त्याले माहीतच नव्हतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निदान लोकांनी दोन मिनिटात ठरवू नये. एवढंच."

त्या दिवसापासून मी फाटकात थांबायला शिकले. सगळं कळतं असं नाही, पण दूध आठवत नाही.

मार्चमध्ये आणखी एक गोष्ट उघडकीला आली. सरांना हर्निया होता आणि तो त्यांनी तीन वर्षं लपवला होता. एका सकाळी व्हरांड्यात कळवळून खाली बसले तेव्हा साहू भैयांनी पाहिलं आणि गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे सांगितलं की आता थांबायचं नाही, ऑपरेशन करायचं, तीन दिवस राहावं लागेल. घरी येऊन सर म्हणाले, जमणार नाही. का? ताई. साठ वर्षांत ते ताईंपासून एक संध्याकाळही लांब राहिले नव्हते. शाळेच्या सहलीला गेले नाहीत, भावकीतल्या लग्नाला मुक्कामी राहिले नाहीत.

"ताई आमच्याकडे राहतील," मी म्हटलं.

"तुमाले नाही जमणार जी."

"सर," सुधीर म्हणाला, "दोन मिनिटात ठरवू नये."

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या हातात सूचना आणून दिल्या. बारीक अक्षरात सहा पानं. वरण गरम नको, कोमटही नको, त्याच्या मधलं. वेणी घालताना डावी आधी. आंघोळीचं पाणी पायावर घालून दाखवायचं, मग अंगावर. कावळ्याला पोळी ताई टाकेल, तिने टाकल्यावर टाळी वाजवायची; न वाजवल्यास ती दुसरी पोळी टाकते, मग तिसरी. सहाव्या पानाच्या शेवटी 'आभारी' असं लिहून खाली पूर्ण सही केली होती, रजेच्या अर्जावर करतात तशी.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साहू भैया त्यांना घेऊन गेले. सर ताईंना "येतो" म्हणाले. ताई कावळ्याच्या नादात होत्या. दिवस चांगला गेला. माझ्या वेण्या वाकड्या झाल्या, ताईंनी हात लावून पाहिलं आणि खूप हसल्या. वरण त्या मधल्या तापमानाला कसंबसं आणलं. दुपारी साहू भैयांचा फोन आला, ऑपरेशन व्यवस्थित झालं, सर शुद्धीवर आहेत.

पाच वाजले आणि ताई उठल्या. आमच्या व्हरांड्यात एक खुर्ची होती, तिच्यासमोर त्यांनी दुसरी खुर्ची ओढत आणली. एका खुर्चीत स्वतः बसल्या आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "मंग?"

मला वाटलं, चहा हवा असेल. चहा दिला. त्यांनी कप बाजूला सारला. "मंग?" बिस्कीट दिलं. "मंग?" आवाज चढू लागला. त्या पुढे-मागे हलू लागल्या, खुर्चीच्या हातावर मूठ आपटू लागल्या. मी सहाही पानं पुन्हा वाचून काढली. संध्याकाळी पाचचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

मिनू म्हणाली, "मम्मी, बुआ कुछ माँग नहीं रही. पूछ रही है."

मी समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. ताई माझ्याकडे बघून थांबल्या. "मंग?" मी म्हटलं, "काय ताई?" त्यांनी जोराने मान हलवली आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. मी घाबरले आणि साहू भैयांना फोन लावला. त्यांनी तो सरांच्या कानाला धरला.

"किती वाजले?" सरांचा आवाज पार बारीक झाला होता.

"साडेपाच. सर, ताई सारखं मंग, मंग करताहेत. पानांत काहीच नाही. लिहायचं राहून गेलं का?"

सर म्हणाले, "राहिलं नाही वहिनी. लाज वाटली."

"कसली?"

"रोज पाच वाजता मी तिले दिवसाचं सगळं सांगतो. कोण भेटलं, काय झालं, काय वाचलं. ती मंग म्हणते, मी पुढचं सांगतो. लहानपणापासून."

"त्यांना सवय झाली असेल."

"तिले नाही जी," सर म्हणाले. "मले. दुसरं कोण विचारते, मंग काय झालं म्हणून?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि रिकाम्या खुर्चीत ठेवला.

"ताई," खुर्चीतून आवाज आला. ताईंची मूठ थांबली. "तर सकाळी मले पाणी पण नाही देलं."

"मंग?"

"मंग एक हिरवा झगा घातला. मागून सगळा उघडा."

मिनूने तोंडावर हात दाबला.

"मंग?"

"मंग आत नेलं. लई थंडी होती आत. वर मोठा दिवा. मले लई भेव लागलं, ताई. वाटलं, आपण नाही उठलो तर..."

ताई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकल्या, फोनच्या अगदी जवळ. अगदी हळू म्हणाल्या, "मंग?"

मी मिनूचा हात धरला आणि आम्ही दोघी आत गेलो. कणीक मळायची होती. बाहेर सरांचा आवाज चालू होता, शब्द कळत नव्हते, मध्ये मध्ये तो थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. सुधीर कामावरून आला, त्याने स्कूटर फाटकाबाहेरच बंद केली आणि ढकलत आत आणली.

पोळ्या झाल्यावर मी बाहेर डोकावले. फोनची बॅटरी संपत आली होती. मी चार्जर आणून लावला आणि दार लोटून घेतलं.